पाणी नेमकं कुठून आलं?

भंडारा जिल्ह्यात घरात पाणी शिरलं की सामान वर चढवण्याचा एक क्रम ठरलेला असतो. आधी धानाची पोती, मग टीव्ही, मग देव, मग लहान लेकरं. आजीबाई तोवर स्वतःच माळ्यावर जाऊन बसलेल्या असतात आणि तिथून बाकीच्यांना हुकूम सोडत असतात. गॅस सिलिंडर, शाळेचे दाखले, सातबारा, लग्नाचा अल्बम, सगळं आठवणीनं वर जातं. विम्याची पॉलिसी तेवढी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात राहते. ती तिथे आहे हे घरात बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि ज्याला ठाऊक असतं त्याला ती कशाची आहे हे ठाऊक नसतं.

यात कुणाचा दोष नाही. आमचा जिल्हाच तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी तलाव बांधले, पुढे ते मालगुजारांचे झाले, मालगुजारी संपल्यावर 'माजी मालगुजारी' झाले आणि सरकारी कागदांनी त्यांना आद्याक्षरांपुरतं उरवून 'मामा तलाव' करून टाकलं. आता मामाचं पाणी भाच्याच्या घरात आलं तर तक्रार कुणाकडे करायची? वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस, त्यात पिंडऱ्यांपर्यंत चिखलात उभं राहून केलेली धानाची रोवणी. पाऊस लांबला की आम्ही हवालदिल होतो. तो आला की भिंतीला ओल धरते, आणि त्या ओलीकडे पाहून घरातलं जाणतं माणूस समाधानानं म्हणतं, "यंदा धान चांगलं होईन, बाप्पा." ज्या मुलखात ओल हा शुभशकुन आहे तिथे तिची नुकसानभरपाई मागायची, म्हणजे लक्ष्मी घरात शिरली म्हणून पोलिसांत तक्रार देण्यासारखंच झालं.

ऑगस्ट २०२०च्या शेवटी मात्र या समजूतदारपणाची परीक्षा झाली. मुसळधार पाऊस झाला मध्य प्रदेशात. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, वैनगंगेनं ते इमानेइतबारे खाली आणलं. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाचे ३३च्या ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांपासून मोहाडी, पवनी, लाखांदूरपर्यंत घरंच्या घरं पाण्यात गेली. पाणी पडलं परराज्यात आणि शिरलं आमच्या स्वयंपाकघरात. तेव्हापासून पावसाळ्यात सकाळी उठल्याबरोबर कारध्याच्या पुलाजवळची वैनगंगेची पातळी मोबाइलवर पाहायची आणि मगच चहा टाकायचा, अशी सवय अनेक घरांना लागली आहे.

पाणी ओसरलं की पंचनामा सुरू होतो. या विषयात आमच्याकडे घरटी एक तज्ज्ञ आहे. भिंतीवरची पाण्याची रेघ पुसायची नाही, हे बालवाडीतल्या पोरालाही कळतं. पडलेली माती उचलायची नाही. ओले कपडे अंगणातल्या दोरीवर अशा बेतानं घालायचे की तलाठीसाहेबांना वाकूनच आत यावं लागेल. साहेब आले की आधी चहा, मग रेघ, मग आजी. आजीला रडायला सांगावं लागत नाही. तिला आधीचेही पूर आठवत असतात आणि ती सगळ्यांचं मिळून एकदाच रडते. ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगली बुडालं तेव्हा मोफत धान्याच्या सरकारी आदेशात क्षेत्र दोन दिवस पाण्याखाली असल्याची अट होती, आणि तिच्यावरून राज्यभर गदारोळ झाला. म्हणजे पाणी एका दिवसात निघायला लागलं तर बुडणाऱ्यानंच त्याला हात धरून म्हणायचं, "थांबा जी, आजचा दिवस ऱ्हा, उद्या जेवून जा."

तर पंचनाम्यात आम्ही पारंगत. विमा ही गोष्ट वेगळी. ती आमच्या घरांत सहसा चोरवाटेनं येते. गृहकर्ज घेताना माणूस इतक्या कागदांवर इतक्या सह्या करतो की शेवटी शेवटी त्याला स्वतःचंच नाव परकं वाटायला लागतं. त्यातल्याच एका सहीनं घराचा विमा निघालेला असतो. तो काढलाच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही, पण टेबलापलीकडचा माणूस "इथे एक सही" म्हणाला की आपण कायदा विचारत नाही, पेन विचारतो.

आमच्या शेजारी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी राहतात. त्यांचंही असंच झालं होतं. गेल्या पावसाळ्यात एका रात्री ढगच फुटला. पहाटे गुरुजींनी दिवाणावरून पाय खाली टाकला तो पाण्यात. गादी भिजली, फ्रीजच्या पोटात पाणी गेलं, सागवानी कपाटाचा तळ फुगला, भिंतींचे पोपडे सुटले आणि गुरुजींच्या झाडीबोलीतल्या कवितांच्या वह्या हॉलभर होडीसारख्या फिरू लागल्या. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानं फोनवर हे ऐकलं, कर्जाची कागदपत्रं उघडली आणि सांगितलं, "बाबा, आपल्या घराचा विमा आहे. क्लेम करा."

क्लेम करा! पुण्यातून हे म्हणणं फार सोपं आहे. भंडाऱ्यात असा निर्णय एकट्यादुकट्यानं घेतला जात नाही. त्याच सकाळी गुरुजींच्या ओट्यावर सभा भरली. बँकेतून निवृत्त झालेले काकाजी आले, कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार शेठजी आले, मागच्या घरातले वकीलसाहेब आले आणि सल्ला द्यायला कुणी उरलं नाही तर अडचण नको म्हणून मीही गेलो.

शेठजींनी सुरुवातीलाच निकाल दिला. "कंपनी पैसे देत नसते, गुरुजी. कंपनी घेत असते. माझ्या साळ्याच्या ट्रकचं काय झालं, ठाऊक आहे ना?" साळ्याच्या ट्रकचं काय झालं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळ्यांनी खेदानं मान हलवली. विम्याच्या चर्चेत प्रत्येकाच्या नात्यातला एक ट्रक असतोच.

मग काकाजींनी चष्मा लावून पॉलिसी मोठ्यानं वाचायला घेतली आणि पहिल्याच पानावर सभा अडखळली. पॉलिसीत पहिला धोका लिहिला होता आगीचा.

"आग कुठं लागली?" शेठजी म्हणाले. "हे तर उलटंच झालं."

याला कारण आहे आणि ते भंडाऱ्यापासून फार लांब आहे. १६६६ साली लंडन जळलं. त्या आगीनंतर तिथे घरांचे विमे निघायला लागले, म्हणून घराचा विमा हा जन्मानंच आगीचा. पुढे त्याच पॉलिसीत वादळ आलं, पूर आला, भूकंप आला, दंगल आली. आपल्याकडेही कितीतरी वर्षं घराचं पाण्यानं झालेलं नुकसान 'फायर पॉलिसी'खालीच मागावं लागायचं. घर गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसानं आगीच्या पॉलिसीखाली अर्ज करायचा, हा प्रकार ज्यानं पहिल्यांदा सुरू केला त्याला झाडीपट्टीच्या नाटकात विनोदी भूमिका करायला हरकत नव्हती.

सुदैवानं गुरुजींची पॉलिसी नव्या वळणाची निघाली. १ एप्रिल २०२१पासून विमा नियामकानं 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांना विकायला लावली. काकाजी वाचत गेले तसतशी सभेच्या चेहऱ्यावर तरतरी आली. पूर आणि जलमयता त्यात आहे. पाण्याची टाकी वा नळ फुटणं, टाकी भरून वाहणं, हेही आहे. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या साध्यासुध्या सामानालाही आपोआप संरक्षण मिळतं, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये. जुन्या पद्धतीत २० लाखांच्या घराचा विमा १० लाखांचाच काढला असला तर नुकसानीचेही निम्मेच पैसे हाती यायचे; ती मेख इथे काढून टाकली आहे. मलबा उचलायच्या खर्चालाही दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत सोय आहे. हे ऐकून शेठजींनी घरातल्या चिखलाकडे पहिल्यांदाच आदरानं पाहिलं.

मग वगळलेल्या गोष्टींची यादी आली. नाणी, नोटा, धनादेश, वाहनं, दस्तऐवज आणि हस्तलिखितं यांचं नुकसान मिळत नाही.

"हस्तलिखितं?" गुरुजींचा आवाज चिरकला. "म्हणजे माझ्या कविता?"

"नाही भेटत," काकाजी म्हणाले.

आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला, "ते बरोबर लिहिलं त्यांनी." गुरुजींच्या सौभाग्यवतींना सगळी गल्ली बाई म्हणते. त्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष आहेत आणि सभेला बसत नाहीत. सभेसाठी चहा करतात आणि आतून ठराव मांडतात.

यानंतर खरा पेच उभा राहिला. काकाजींनी फॉर्मातला रकाना दाखवला. नुकसानीचं कारण. पाणी नेमकं कुठून आलं?

पाणी हे पाणी असतं, अशी आपली बालबोध समजूत. भिंतीला विचारा, तीही तेच सांगेल. पण विम्याच्या दृष्टीनं पाण्याची जात-पोटजात असते आणि प्रत्येकाला वेगळा न्याय. पुरानं किंवा अतिवृष्टीनं तुंबून आत आलेलं पाणी कुलीन. त्याला मान आहे. नळ किंवा टाकी फुटून आलेलं पाणीही घरंदाज. पण वर्षानुवर्षं स्लॅबमधून झिरपणारं, भिंतीतून ओल होऊन चढणारं, खिडकीच्या फटीतून दर आषाढात हजेरी लावणारं पाणी पंगतीला बसत नाही. हळूहळू होणारी झीज आणि डागडुजी करायची राहिलेली कामं, यांचा भार सहसा मालकानंच वाहायचा. विमा अचानक झालेल्या नुकसानीसाठी असतो. आणि आमच्या जिल्ह्यात अचानक असं काही होतच नाही. नदीचं पाणी यायचं म्हटलं तरी ते मध्य प्रदेशातून निघून, वाटेतली गावं घेत, दवंडी पिटत येतं. जिल्ह्याच्या सीमेवरच्या आंभोऱ्याला तर पाच नद्यांचा संगम मानतात. तिथल्या माणसानं या रकान्यात काय लिहावं आणि कोणत्या नदीला नाराज करावं?

गुरुजींच्या हॉलमध्ये तर सगळ्या जातींचं पाणी एकत्र नांदत होतं. स्लॅब कित्येक वर्षांपासून गळत होता. ती गळती सगळ्यांनी पाहिलेली, तिच्याखाली ठेवायची बादलीही ठरलेली. नाली तुंबून रस्त्यावरचं पाणी उंबऱ्यावरून आत आलं होतं. आणि मागच्या बाजूला पाहावं तर आणखी एक धार होती. ती वकीलसाहेबांच्या टाकीची. त्यांच्या घरी मोटर सुरू करायचं काम एकाचं आणि बंद करायचं काम कुणाचंच नाही, त्यामुळे त्यांची टाकी रोज सकाळी भरून वाहते आणि गुरुजींची मागची भिंत रोज सकाळी अंघोळ करते.

"मग टाकीचं लिहा," काकाजी उत्साहानं म्हणाले. "टाकी भरून वाहणं पॉलिसीत स्पष्ट आहे."

वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला. "लिहा ना. पण एक सांगतो. कंपनीनं तुम्हाला पैसे दिले की ज्याच्या चुकीनं नुकसान झालं त्याच्याकडून ते वसूल करण्याचा हक्क कंपनीला मिळतो. म्हणजे उद्या कंपनीची नोटीस मला येणार. मी उत्तर देणार. तुम्ही साक्षीला येणार. आणि पुढच्या महिन्यात माझ्या मुलीच्या लग्नात तुम्ही आहेर घेऊन येणार. जमते का पाहा."

ओट्यावर शांतता पसरली. टाकीचा विषय कायमचा मिटला. विम्याचे नियम लिहिणाऱ्यांनी शेजारधर्माचा विचार केलेला दिसत नाही. कायद्याला नुकसान करणारा माणूस हवा असतो आणि गल्लीत नुकसान करणारा माणूस नसतोच. असतात ते फक्त शेजारी, ज्यांच्याकडून आपण कधी ना कधी विळी आणि शिडी मागून आणलेली असते.

शेठजींची अर्धी शेती मोहाडी तालुक्यात आहे. त्यांनी विषय तिकडे वळवला. "हे पाण्याचं लिहिणं म्हणजे फसवणूक असते, मी सांगतो. धानाचं काय केलं?" इथे मात्र शेठजींचं बोलणं मनावर घ्यावं लागलं. पंतप्रधान पीक विमा योजनेत शेतात पाणी साचून एकेका शेताचं नुकसान झालं तर ते वेगळं मोजायची सोय आहे. ७२ तासांच्या आत कळवायचं. पण २०१८मध्ये त्या सोयीतून धान बाहेर काढण्यात आलं. कारण काय, तर धान पाण्यातलंच पीक! जे पाण्यात उभं राहतं त्याला पाण्याचा काय त्रास? हा तर्क मांडणाऱ्यानं स्वतः रोज अंघोळ केली असेलच, तरी कुणी त्याला वैनगंगेत धरून बुडवलं असतं तर त्यानं तक्रार केली असती. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्रानं जाहीर केलं की २०२६च्या खरिपापासून पाणी साचून होणारं धानाचं नुकसान पुन्हा योजनेत येणार. धानही बुडतं हे दिल्लीला कळायला एवढी वर्षं लागली, तर गुरुजींची गादी बुडते हे कंपनीला कधी कळायचं, असा शेठजींचा सवाल होता. महाराष्ट्रात मध्यंतरी खरीप २०२३पासून एक रुपयात पीक विमा मिळत होता. तोही २०२५च्या खरिपापासून बंद झाला. "एक रुपया भरला तर काय मागावं माणसानं?" शेठजी म्हणाले. "मागितलं तरी लाज वाटते."

आणि इथेच, मला वाटतं, सगळी गोम आहे. शासनाची मदत मागताना आपल्याला तिळमात्र संकोच होत नाही. तिच्यासाठी आपण वेगळा हप्ता भरलेला नसतो, तरी तहसीलसमोर बसायची आपली तयारी असते, यादीत नाव नसलं तर आमदाराच्या घरी जायची तयारी असते, आणि ते योग्यच आहे. पण विम्याचा हप्ता आपण पदरचा भरलेला असतो, वर्षानुवर्षं भरलेला असतो, आणि तिथे दावा करायची वेळ आली की आपला आवाज एकदम खाली येतो. "जाऊ द्या ना, कुठे मागे लागता" हे वाक्य तलाठ्याच्या बाबतीत कुणी म्हणत नाही. कंपनीच्या बाबतीत पहिलं वाक्य तेच असतं. शासन आपलं आहे, त्याच्याशी भांडता येतं. कंपनी कुठेतरी काचेच्या इमारतीत राहते आणि तिचा फोन इंग्रजीत बोलतो. परक्यासमोर हात पसरणं आपल्याला जमत नाही, मग त्या हातात आपलेच पैसे पडणार असले तरी.

गुरुजी हेच म्हणाले. "एवढं काय झालं आहे? गादी वाळेल. भिंतीला चुना मारू. आयुष्यात कुणाकडे मागितलं नाही." चाळीस वर्षं पोरांकडून पाढे पाठ करून घेतलेला हा माणूस, पण आकडेमोड करायला तयार नव्हता.

मग आकडेमोड काकाजींनी केली. दुरुस्तीचे दर विचारायचे, पावत्या शोधायच्या, फोटो काढायचे, सर्वेक्षकाची वाट पाहायची. त्यातून हाती काय येणार? लहानसहान नुकसान असेल तर या धावपळीपेक्षा रंगारी स्वस्त पडतो, हे काकाजींचं म्हणणं खोटं नव्हतं. पण फ्रीज, कपाट, दिवाण, भिंतींचं प्लास्टर आणि वायरिंग असा सगळा हिशेब मांडला तेव्हा तो लहानसहान राहिला नाही. आकडा ऐकून गुरुजींनी पाणी मागितलं, आणि मग हसून नको म्हणाले.

तरीही सभेचं ठरेना. एक बाजू म्हणे, करा. दुसरी बाजू म्हणे, कशाला. तिसरी बाजू म्हणे, आधी उन्हात सगळं वाळवून पाहू, खरंच किती नुकसान झालं ते कळेल. ही तिसरी बाजू माझी होती आणि ती सगळ्यांना फार आवडली. तिच्यात एकच अडचण होती. सगळं वाळल्यावर दाखवायला काही उरत नाही. विम्याच्या बाबतीत विचार करायला घेतलेला वेळ हा पुराव्याच्या नावावर खर्ची पडतो. पंचनाम्याला भिंतीवरची रेघ जपणारे आम्ही, विम्याच्या वेळी फडकं घेऊन धावतो.

सभा दुसऱ्या दिवशीही भरली. चर्चा आता ट्रकवरून साळ्याच्या स्वभावावर आली होती. तेवढ्यात एक मोटारसायकल दारात थांबली. पाठीला पिशवी, हातात टॅबलेट. "गुरुजींचं घर हेच का? मी सर्व्हेअर."

सभेनं एकमेकांकडे पाहिलं. कुणी बोलावलं? क्लेम करायचा की नाही हेच अजून ठरलेलं नव्हतं.

बाई आतून हात पुसत आल्या. "मी फोन केला होता काल. तुमची सभा सुरू होती म्हणून सांगितलं नाही. फोन करायला पैसे पडत नाहीत." त्यांनी आदल्या सकाळीच मुलाकडून नंबर घेऊन कळवून टाकलं होतं. २०२४मधल्या नियामकाच्या नियमांनुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत कंपनीनं सर्वेक्षक नेमायचा असतो, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय सांगायचा असतो. आमच्या सभेला असलं वेळापत्रक लावलं असतं तर कुणी आलंच नसतं.

सर्वेक्षक हा मोठा अवघड जागी बसलेला प्राणी असतो. परवाना नियामकाचा, फी कंपनीची आणि चहा दावेदाराचा. तिघांनाही बरं वाटेल असा अहवाल अजून कुणी लिहिलेला नाही. तो हॉलमध्ये उभा राहिला आणि त्यानं तोच प्रश्न विचारला. "पाणी कुठून आलं?"

सभेनं एकदम उत्तर दिलं. शेठजी म्हणाले नालीतून, काकाजी म्हणाले अतिवृष्टीनं, गुरुजी म्हणाले वरून, वकीलसाहेब म्हणाले माझ्या टाकीतून नाही, हे आधी लिहून घ्या. सर्वेक्षकाचं बोट टॅबलेटच्या वर अधांतरी थांबलं.

"इकडे या, भाऊ," बाई म्हणाल्या. "ही वरची गळती जुनी आहे. तिच्यासाठी बादली आहे. ते तुमचं नाही. ही मागची ओल रोजची आहे, ती आम्ही आमचं पाहून घेऊ." वकीलसाहेबांनी श्वास सोडला. "हे समोरून रात्री आलं. ही पाहा रेघ. हे त्या वेळचे फोटो, मोबाइलवर वेळ आहे. ही फ्रीजची पावती, ही कपाटाची, ही वायरिंगवाल्याची. गादी फेकली नाही, मागे ठेवली आहे. वास येतो, नाक धरून पाहा. आणि वह्या लिहू नका, त्या पॉलिसीत नाहीत."

बचत गटाची हिशेबवही लिहिणाऱ्या बाईनं एका दमात पाण्याच्या जाती वेगळ्या करून दिल्या. जे जुनं ते सोडलं, जे नवं ते मागितलं. सभेला दोन सकाळी जे जमलं नव्हतं, ते तेवढ्यात झालं. सर्वेक्षकानं मुकाट्यानं लिहून घेतलं. कपाटापाशी तो थोडा घुटमळला. कपाट बाईंच्या लग्नातलं. किती जुनं, किती उरलं, याचा त्याला अंदाज बांधायचा होता. "लाकूड सागाचं आहे," गुरुजी अभिमानानं म्हणाले, "अजून तीस वर्षं चालेन." बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की गुरुजींनी लगेच दुरुस्ती केली, "चाललं असतं."

पुढे पैसे आले. मागितले तेवढे नाहीत, पण स्लॅबची बादली, टाकीची धार आणि कविता वगळून जेवढे यायला हवे होते त्याच्या जवळपास आले. गुरुजींनी नवी गादी घेतली आणि उरलेल्या पैशांत बाईंनी स्लॅबची गळती कायमची बंद करून घेतली. गळतीची दुरुस्ती विम्यात बसत नाही. पण विम्याच्या पैशांनी गळती दुरुस्त करू नये असं पॉलिसीत कुठे लिहिलेलं नाही. काकाजींनी ते दोनदा वाचून खात्री केली.

ओट्यावरची सभा त्यानंतरही भरत राहिली. विषय नवा होता. गुरुजींनी क्लेम करायला हवा होता की नको होता? वकीलसाहेबांचं मत, कायद्यानं बरोबर होतं. काकाजींनी या धांदलीत स्वतःची पॉलिसी शोधून काढली, तर कर्ज फिटलं त्या वर्षीच ती संपलेली निघाली. त्यांचं मत, असा विमा प्रत्येकानं स्वतः लक्ष ठेवून काढायला हवा. शेठजी काही बोलले नाहीत. कंपनी पैसे देत नसते हे त्यांचं मत अजून ठाम होतं. फक्त चहाचे कप आत नेऊन ठेवायच्या निमित्तानं ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि हळू आवाजात बाईंना विचारू लागले.

"बाई, त्या कंपनीचा नंबर आहे का जी तुमच्याकडे? म्हणजे मले काही मागायचं नाही. पण दुकानात मागच्या महिन्यात पाणी आलं होतं. आज विमा काढला, तर त्या पाण्याचं भेटन का?"